मावशींचा 'बाहेरचा माल'



मी हडपसरला राहतो. आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला एक मावशी येतात. परवा त्या पुठ्ठ्याची खोकी दाबून चपटी करत होत्या. मी म्हटलं, "मावशी, सगळे ऑनलाइन मागवतात आता, तुमची तर चांदी असेल!" त्या म्हणाल्या, "खोकी वाढली रे, भाव कुठं वाढलाय? दुकानदार म्हणतो, बाहेरचा माल आलाय."

हा बाहेरचा माल म्हणजे नक्की काय? शोधत शोधत मी लाकडाच्या लगद्यापर्यंत पोचलो.

लगदा, म्हणजे पल्प. लाकडातून काढलेले तंतू. ते वाळवून, जाड तक्ते करून गठ्ठ्यांनी जहाजात भरतात. जगात कोण किती लगदा आणतं, याचे १९६१पासूनचे आकडे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ठेवते. त्यात जर्मनी, इटली, अमेरिका असे श्रीमंत देश खूप वर आहेत. कमी उत्पन्नाच्या देशांची रेघ मात्र तळाला चिकटलेली.

आपल्याला लगेच वाटतं, गरिबांना कागदच लागत नसेल. कमी लागतो, हे खरं. पण लगदा घ्यायचा तर आधी पेपर मिल हवी. मिलला वीज हवी, पाणी हवं, भांडवल हवं. ज्या देशात मिल नाही, तो तयार कागदच विकत घेतो. तिथल्या मुलाची वही परदेशी कागदाची असली, तरी लगद्याच्या रकान्यात ती दिसणार नाही. म्हणजे हा आकडा कागद कोण वापरतं हे सांगत नाही. लगदा आणून कागद कोण बनवतं, हे सांगतो.

आणखी एक गोम आहे. हे गट कायमचे नाहीत. १९९० साली चीन कमी उत्पन्नाच्या गटात होता. आज जगात सगळ्यात जास्त लगदा तोच आणतो, पण त्याचा गट आता बदललाय. आपणही २००७च्या सुमारास त्या गटातून वर सरकलो. शाळेत बघा, पास झालेली पोरं पुढच्या वर्गात जातात. मग मागे राहिलेल्यांकडे बघून "हा वर्ग काही सुधारत नाही" म्हणायचं, तसं होतं हे. त्यामुळे असा आलेख दिसला की आधी विचारा: यादी आजची आहे की त्या वर्षाची?

मग आपण कुठे? आपल्या शेजारी मुंढव्यात एकोणिसाव्या शतकातच पेपर मिल उभी राहिली. पुढे बल्लारपूरच्या मिलने चंद्रपूरच्या जंगलातला बांबू वापरला. १९८८च्या वन धोरणाने सांगितलं, कारखान्यांनी लाकूड शेतकऱ्यांकडून मिळवावं, सरकारी जंगलातून स्वस्तात मिळणार नाही. आज भारतातला दोन तृतीयांशाहून जास्त कागद रद्दीपासून बनतो. इथली रद्दी पुरत नाही, म्हणून अमेरिका-युरोपातून येते.

हाच तो बाहेरचा माल! चीनने २०१८पासून परदेशी रद्दीवर कडक बंधनं घातली, २०२१पासून ती बंदच केली. मग जहाजं आपल्याकडे आणि आग्नेय आशियाकडे वळली. मिलवाला दोन्हीकडचा भाव बघतो. बाहेरची रद्दी स्वस्त पडली, की इथल्या रद्दीचा भाव दबतो आणि त्याचा फटका शेवटी मावशींना बसतो.

रद्दीचे तंतू दर फेरीला तुटत जातात. पाच-सात फेऱ्यांनंतर ते कागदाच्या कामाचे राहत नाहीत. म्हणजे कुठेतरी नवा लगदा घालावाच लागतो. श्रीमंत देश तो नवा घेतात आणि एकदा वापरून झाला की आपण रद्दी म्हणून घेतो. लाकूड तेच, रकाना वेगळा.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती या बायांच्या कामाला काम म्हणून मान मिळावा म्हणून. जगाचा भाव काही आपल्या हातात नाही. पण ओल्या कचऱ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला मावशींना काहीच मिळत नाही, आणि तो कोरडा ठेवणं आपल्या हातात आहे. आज घरी खोकं आलं, तर चिकटपट्टी काढा, चपटं करा आणि वेगळं द्या.

भेटू पुढच्या भागात!