मोठा टीव्ही घेण्याआधी : भिंत, छत्री आणि हप्ता



आम्ही पुणे शहरातल्या वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम बघतो. दसरा-दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे मोठा टीव्ही. गावाकडच्या मैत्रिणीही या दिवसांत स्वारगेटला उतरून खरेदीला येतात आणि आम्हाला विचारतात, "ताई, ४३ इंची घेऊ का ५५? फुल एचडी का फोर-के?" म्हणून आज याच विषयावर बोलूया.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला चित्र दिसू लागलं. तेव्हा आळीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. आता तो घरोघरी आहे, आणि घरातली मोठी खरेदी बऱ्याचदा बाईच्या नावावरच्या हप्त्यावर होते. त्यामुळे समजून घ्यायचं कामही आपलंच.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी मुलांच्या हट्टाने ५५ इंची फोर-के टीव्ही आला. दुकानात चित्र आरशासारखं लख्ख होतं. घरी लावला आणि नेहमीचं चॅनेल लावलं, तर माणसांचे चेहरे धुरकट. सगळ्यांना वाटलं, खराब माल दिला. मेकॅनिक आला, बघून म्हणाला, "टीव्ही चांगला आहे. तुमचं चॅनेलच साधं आहे." हप्ता मात्र १८ महिन्यांचा होता. चौथ्या महिन्यापासून ताईंची गटातली बचत थांबली. टीव्हीत दोष नव्हता, पण तो त्या घराच्या मापाचा नव्हता.

हे नीट कळायला रांगोळी आठवा. टीव्हीचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. साध्या चॅनेलच्या चित्रात साधारण चार लाख ठिपके असतात. एचडी रेडी टीव्हीच्या पडद्यावर साडेदहा लाख, फुल एचडीवर सुमारे २० लाख आणि फोर-केवर सुमारे ८३ लाख. आता चार लाख ठिपक्यांचं चित्र ८३ लाख ठिपक्यांच्या मोठ्या पडद्यावर ताणलं, तर मधले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. पडदा जितका मोठा, तितका तो अंदाज उघडा पडतो.

म्हणून पहिला प्रश्न असा, की आपल्या घरी चित्र येतं कुठून? फ्री डिशची छत्री असेल तर महिन्याचे पैसे पडत नाहीत, पण बहुतेक चॅनेल साध्या चित्राचीच असतात. केबल किंवा पैसे भरायची छत्री असेल तर एचडी चॅनेल मिळतात, पण त्याला एचडीचा बॉक्स लागतो आणि त्या चॅनेलचे पैसे वेगळे. मोबाइलच्या नेटवर बघणार असाल तर एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो. दिवसाला दोन जीबीचा रिचार्ज असेल तर सिनेमा मध्यंतरापर्यंतही पोचायचा नाही.

दुसरा प्रश्न भिंतीचा. टीव्हीचे इंच मोजतात ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद आणि ५३ उंच असतो. ५५ इंची सुमारे १२२ रुंद आणि ६८ उंच. त्या मापाचे जुने वर्तमानपत्राचे कागद जोडून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसेच ठेवा. कपाटाचं दार उघडतंय का, देवघर झाकलं जातंय का, खिडकीचा उजेड समोरून पडतोय का, सगळं कळेल. आपण बसतो तिथून भिंतीपर्यंतचं अंतरही मोजा. पडद्याच्या इंचांची दीडपट, साधारण इतकं अंतर निदान हवं. म्हणजे ४३ इंचीला साडेपाच फूट आणि ५५ इंचीला सात फूट. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे मुलं टीव्हीसमोरच जेवायला बसतात, तिथे ४३ इंची भरपूर होतो. आणि आठ फुटांवरून ४३ इंचीवर फुल एचडी की फोर-के, हा फरक साध्या नजरेला जवळजवळ कळत नाही. दोन्हींच्या किमतीत फारसं अंतर नसेल तर फोर-के जरूर घ्या, पण निव्वळ त्या नावासाठी हप्ता वाढवू नका.

आता दुकानात जाऊ. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर या मालासाठी प्रसिद्ध. मोठी झगमगीत दुकानं तर सगळीकडे झाली. कुठेही जा, एकटीने जाऊ नका. दुकानातला टीव्ही मुद्दाम जास्त उजेडावर, दुकानासाठीच्या खास सेटिंगवर ठेवलेला असतो आणि त्यावर फुलं, मासे, बर्फाचे डोंगर असं खास फोर-के चित्रण चालू असतं. आपण फुलं-मासे बघणार नाही, बातम्या आणि मालिका बघणार. म्हणून सांगा, "दादा, सेटिंग घरगुती करा आणि आम्ही बघतो ते साधं चॅनेल लावून दाखवा." मग दोन-तीन टीव्ही शेजारी शेजारी बघा. बाजूला सरकून बघा, कारण घरात सगळेच समोर बसत नाहीत. काही पडद्यांचा रंग कडेने फिका पडतो. आवाज कानाने ऐका, पातळ टीव्हीचा आवाज बऱ्याचदा बारीक असतो. क्यूएलईडी म्हणजे मागून दिव्याचा उजेड देणाराच टीव्ही, फक्त रंग अधिक गडद. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग खरा काळा दिसतो, पण तो बराच महाग.

विजेचंही बघा. १०० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट होतात. महिन्याचा वापर १०० युनिटच्या वर गेला की वरच्या युनिटना दर जास्त लागतो, हे आपल्याला बिलावरून माहीत आहेच. टीव्हीवरच्या ताऱ्यांच्या पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. दोन टीव्हींच्या पट्ट्या शेजारी ठेवून वाचा.

आता पैशांचं. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. बिलात तो तेवढाच आहे ना, हे तपासा.

आणि "बिनव्याजी हप्ता" हा शब्द ऐकला की कागद-पेन काढा. समजा टीव्ही ३६,००० चा आहे. १२ हप्ते, दरमहा ३,०००. वर फाइलचा खर्च ७००. आणि रोख घेतला असता तर दुकानदार २,००० सोडणार होता. म्हणजे बिनव्याजी म्हणता म्हणता २,७०० गेले. तेच रोखीचे ३४,००० गटातून महिना एक टक्क्याने घेतले आणि १२ महिन्यांत फेडले, तर उरलेल्या रकमेवरचं व्याज होतं २,२१०. आणि ते व्याज जातं आपल्याच गटात. बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलंच, तर एकूण खर्च दाखवणारं मुख्य तथ्यांचं पत्रक सहीआधी मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते द्यावंच लागतं.

पण गटाचे पैसे टीव्हीला द्यावेत का? यावर आमच्या बैठकीत जोरात वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, "चैनीला गट नाही." दुसरी म्हणाली, "दिवसभर राबून आम्ही दोन तास बघतो, ती चैन कशी?" दोघींचंही खरं होतं. शेवटी ठरलं ते असं : आजारपण, शाळेची फी आणि धंद्याची गरज आधी. त्यानंतर शिल्लक असेल तर टीव्हीला कर्ज द्यायचं, पण घेणारीची नेहमीची बचत चालू राहील एवढाच हप्ता बांधायचा. तुमच्या गटात पेरणीही या यादीत येईल. यादी तुम्ही तुमची करा.

शेवटी काही बारीक गोष्टी. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. आपल्या गावात दुरुस्तीला माणूस येतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. खोका टेम्पोत उभाच ठेवा, आडवा टाकला तर पडदा तडकतो आणि तुटलेला पडदा सहसा वॉरंटीत बसत नाही. खोका माणसासमोर उघडा, टीव्ही चालू करून बघा, मगच सही करा. वीज कडाडायला लागली की टीव्हीचा प्लग आणि छत्रीची तार दोन्ही काढा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच १९७४ मध्ये सुरू केली. दुकानात प्रश्न विचारायला लाजू नका, मैत्रिणींनो, तो आपला हक्क आहे.

तेव्हा येत्या बैठकीत एक मोजपट्टी आणि मागच्या तीन महिन्यांची वीजबिलं घेऊन बसा. जिला टीव्ही घ्यायचाय तिच्या भिंतीचं माप सगळ्या मिळून काढा, छत्री कोणती आहे ते बघा आणि हप्त्याचा हिशेब तिच्या वहीत लिहून द्या. मग खुशाल बाजारात जा.