ओमुन्हु म्हणजे माणूस

श्रोतेहो, आज एका अशा भाषेबद्दल बोलायचे आहे, जिचे नावही आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले नसेल. ओशिक्वान्यामा. आफ्रिकेच्या नैऋत्येला नामिबियाचा उत्तर भाग आणि अंगोलाचा दक्षिण भाग एकमेकांना भिडतात, तिथली ही भाषा. मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पुढे कविता लिहीत राहिलो. पण परक्या भाषांची व्याकरणे चाळण्याचा मला जुना नाद आहे. एखादी भाषा माणसाला काय म्हणते आणि स्वतःला काय म्हणते, हे आधी पाहावे, अशी माझी सवय.

ओशिक्वान्यामात माणसाला म्हणतात ‘ओमुन्हु’. अनेक माणसे म्हणजे ‘ओव्हान्हु’. मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शेकडो भाषांच्या कुळाला आपण ‘बांटू’ म्हणतो. हे नाव १९ व्या शतकात विल्हेल्म ब्लेक या जर्मन अभ्यासकाने रूढ केले आणि त्याचा मूळ अर्थही ‘माणसे’ असाच आहे. ‘बांटू’ आणि ‘ओव्हान्हु’ ही एकाच शब्दाची दोन रूपे.

आता कुणी विचारील, बांटूमधला ‘ट’ ओव्हान्हुमध्ये गेला कुठे? उत्तर कानाने शोधायचे आहे. गळ्यावर बोट ठेवा आणि ‘न्हाणे’, ‘म्हैस’ हे शब्द म्हणा. बोटाला कंप जाणवतो. आपल्या न्ह आणि म्ह या ध्वनींत गळ्याची तार वाजत असते. ओशिक्वान्यामातही तसेच ध्वनी आहेत आणि रोमन लिपीत ते ‘एन’ला किंवा ‘एम’ला ‘एच’ जोडूनच लिहितात. पण तिथे गळा गप्प असतो. जीभ ‘न’च्या जागी टेकते आणि नाकावाटे नुसता श्वास बाहेर पडतो, एखादा उसासा सोडावा तसा. या भाषेत असा श्वासाचा ‘न’ आणि आवाजाचा ‘न’ हे दोन स्वतंत्र ध्वनी आहेत.

ओशिक्वान्यामाची सख्खी बहीण ओशिन्दोंगा. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकींचे बोलणे समजते. त्या बहिणीच्या घरी माणसाला आजही ‘ओमुन्तु’ म्हणतात. म्हणजे तिच्याकडे ‘त’ शाबूत आहे, हिच्याकडे तो झिजला. पण जाता जाता स्वतःचा श्वास शेजारच्या ‘न’ला देऊन गेला.

हा काही एकाच शब्दाचा योगायोग नाही. न, म यांसारख्या अनुनासिकानंतर क, त, प असे कठोर व्यंजन या भाषेला रुचत नाही. जुन्या शब्दांत ते असे विरून गेले. इंग्रजीतून नवे शब्द आले तेव्हा भाषेने दुसरी युक्ती केली, कठोराचे मृदू केले. ‘स्टॅम्प’चा झाला ‘सितांबा’, ‘प्रिंट’चा ‘पेलेन्दा’, ‘इंक’चा ‘ओइंगा’. प चा ब, ट चा द, क चा ग. पंजाबीत ‘दंत’चा ‘दंद’ झाला, त्याच जातीचा हा बदल. शिवाय प्रत्येक अक्षर स्वरावर संपले पाहिजे, हाही तिथला शिरस्ता. म्हणून ‘स्टॅम्प’मधली जोडाक्षरे सुटी झाली आणि शेवटी ‘आ’ आला. पाहुण्याने घरात यावे, पण चपला दाराशी काढून. आपल्या मराठीनेही मस्जिदीची मशीद केली आणि कागज़चा कागद केला, तो याच न्यायाने.

व्याकरणात आणखी मौज आहे. आपल्याकडे तो डोंगर, ती नदी, ते झाड. ओशिक्वान्यामात असे लिंग नाही. तो आणि ती यांना सर्वनाम एकच. तिथे नामांचे वर्ग असतात आणि कोणते नाम कोणत्या वर्गातले, ते शब्दाच्या आरंभीचा उपसर्ग सांगतो. ‘ओमुती’ म्हणजे झाड. एकवचनात ते ‘ओमुन्हु’सारखेच दिसते, पण अनेकवचनात वाटा वेगळ्या होतात. माणसे ‘ओव्हान्हु’, झाडे मात्र ‘ओमिती’. मुलगा ‘ओकामाती’, मुलगे ‘ओउमाती’. या उपसर्गाची खूण क्रियापदावरही उमटते. माणसे बोलतात, याला ‘ओव्हान्हु ओहाव्हा पोपि’ म्हणतात. नामातला ‘व्हा’ क्रियापदातही उभा आहे. आपण ‘चांगली मुलगी आली’ म्हणतो तेव्हा ‘ई’ जशी तिन्ही शब्दांतून ऐकू येते, तसेच हे. फक्त आपला नाद शब्दाच्या शेपटाशी, त्यांचा तोंडाशी. त्याशिवाय प्रत्येक अक्षराला उंच किंवा सखल सूर असतो. लिहिताना तो दाखवत नाहीत, ऐकूनच शिकावा लागतो.

सकाळचे अभिवादन आहे ‘वा लेले पो?’ म्हणजे झोप झाली ना? संध्याकाळचे ‘वा तोकेल्वा पो?’ त्यात तिन्हीसांजेचा उल्लेख असतो. समोर थोर बाई असेल तर ‘मेमे’, पुरुष असेल तर ‘ताते’. आई आणि वडील. ‘जेवण झालं का?’ असे विचारूनच बोलण्याला सुरुवात करणाऱ्या आपल्या माणसांना हे परके वाटू नये.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे, तिकडे येतो. ‘क्वान्यामा’ हा मूळ शब्द एकटा उभा राहत नाही. ‘ओमुक्वान्यामा’ म्हणजे त्या समाजाचा एक माणूस. ‘ओव्हाक्वान्यामा’ म्हणजे ते लोक. ‘ओउक्वान्यामा’ म्हणजे त्यांचा मुलूख, त्यांचे राज्य. आणि ‘ओशिक्वान्यामा’ म्हणजे भाषा. माणूस, मुलूख आणि भाषा यांचे मूळ एक, पण व्याकरणाने तिघांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या आहेत.

यातल्या मुलुखाचे पुढे काय झाले, ते इतिहासात नोंदलेले आहे. १८८६ मध्ये जर्मनी आणि पोर्तुगाल यांनी नकाशावर सीमारेषा ठरवली. ती या राज्याच्या अंगावरून गेली. शेवटचा स्वतंत्र राजा मान्दुमे या न्देमुफायो आधी पोर्तुगीजांशी लढला आणि ६ फेब्रुवारी १९१७ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याशी लढताना मरण पावला. १९२६ च्या करारात ती सीमा पक्की झाली. एकाच घरातले भाऊबंद दोन सरकारांचे झाले. एकीकडे शाळेत पोर्तुगीज आली, दुसरीकडे पुढे इंग्रजी.

भाषेचे नाव लिहिण्यातही ही फाळणी दिसते. जर्मन मिशनरी हेर्मान टोन्येस यांनी १९१० मध्ये या भाषेचे पाठ्यपुस्तक आणि शब्दकोश काढले, ते जर्मन वर्णलेखनात. इंग्रजी-क्वान्यामा कोश आला १९५४ मध्ये, टोबायस आणि टर्व्ही यांचा. पोर्तुगीज लेखनात ‘एन’ आणि ‘एच’ जोडले की उच्चार होतो ‘न्य’. गोव्यात ‘सेन्योर’ हा शब्द ऐकलेल्यांना ते ठाऊक आहे. म्हणजे सीमेच्या एका बाजूला ज्या दोन अक्षरांनी श्वासाचा ‘न’ दाखवतात, तीच दोन अक्षरे दुसऱ्या बाजूच्या सरकारी लेखनात ‘क्वान्यामा’मधला ‘न्य’ दाखवतात.

मुलूख तुटला, पण भाषा टिकली. तिच्या ‘ओशी’ या उपसर्गात मला एक सूचना दिसते. ‘ओशिनिमा’ म्हणजे वस्तू. भाषेला त्यांनी वस्तूंच्या वर्गात बसवले आहे. हा अर्थ व्याकरणकाराचा नाही, माझा आहे. पण वस्तू देता येते, घेता येते, सीमेपलीकडे नेता येते, परक्याच्या मुलालाही वापरायला देता येते. ओशिक्वान्यामा बोलायला आधी ओमुक्वान्यामा असावेच लागते, असे ते व्याकरण म्हणत नाही.

हे मला जवळचे वाटते, त्याला कारण आहे. माझ्या घरात दखनी बोलली जायची, अंगणात आणि शाळेत मराठी. कविता लिहिली ती मराठीत. एवढी वर्षे झाली, तरी काव्यवाचनानंतर कुणीतरी मायेने जवळ येतो आणि म्हणतो, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण त्या ‘तुमचं’मध्ये एक प्रश्न दडलेला असतो, की हे तुमच्याकडे आले कसे? आपल्याकडे ‘मराठी’ हा एकच शब्द भाषेलाही लावतात आणि माणसालाही. त्यामुळे भाषा कुणाची, हे माणसाच्या नावावरून ठरवण्याचा मोह होतो.

श्रोतेहो, भाषा वारशाने मिळते, तशी वापरानेही मिळते. जो तिच्यात रडतो, भांडतो, पोरांना निजवतो, ती त्याची. सातबाऱ्यावर नाव लागते जमिनीला, भाषेला नाही. दूरच्या एका व्याकरणाने माणसाची खोली आणि भाषेची खोली वेगळी ठेवली, पण मधले दार उघडे ठेवले. आपल्याही घरात ते दार उघडे राहावे.