ठेका कोणाचा?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय मात्र मी मागितलेला नाही, तो गेल्या कोजागिरीला गच्चीवर निघाला. मसाला दूध उकळत होतं, स्पीकरवर ‘डिस्को डान्सर’ची गाणी चालू होती आणि कुणीतरी सहज विचारलं, "डिस्कोतला सगळ्यात मोठा ड्रमर कोण?" दूध आटलं, पण वाद काही आटला नाही. पुढे महिनाभर गेटजवळच्या बाकावर रोज संध्याकाळी तोच विषय. शेवटी सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "काका, तुम्ही बँकेत होता. तुम्हीच एकदा बॅलन्स जुळवा." म्हणून उभा आहे.

आधी डिस्कोचा ठेका म्हणजे काय ते बघू. सगळ्यांनी उजवा पाय जमिनीवर आपटा. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक मात्रेला एक ठोका, कमी नाही, जास्त नाही. वेग साधारण सेकंदाला दोन, म्हणजे मिनिटाला एकशेवीसच्या आसपास. शाब्बास! हा झाला पायाने वाजवायचा मोठा ड्रम. आता दोन आणि चारला टाळी वाजवा. हा झाला स्नेअर. राहिली तिसरी गोष्ट, आणि खरी गंमत तिच्यात आहे. ड्रमरच्या डाव्या पायाशी एका दांडीवर दोन झांजा समोरासमोर बसवलेल्या असतात. तिला हाय-हॅट म्हणतात. पाय दाबला की झांजा मिटतात, उचलला की उघडतात. दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध ती क्षणभर उघडून वाजवायची आणि लगेच मिटायची. ‘धम्-त्सी, धम्-त्सी’ असा आवाज येतो. भजनात टाळ मोकळा वाजवून लगेच दाबतात ना, तसंच. त्या ‘त्सी’मुळे पाय उचलला जातो. ‘धम्’ पाय खाली आणतो, ‘त्सी’ वर उचलतो. झाला नाच!

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? हे तर कुणीही वाजवेल. एक मिनिट वाजवेल. पण डिस्कोच्या मोठ्या तबकड्यांवर एकेक गाणं सात-आठ मिनिटं चालायचं. नवशिका कॅशियर पहिलं बंडल भराभर मोजतो आणि दहाव्याला अडखळतो. मुरलेला कॅशियर पहिली नोट आणि शेवटची नोट एकाच गतीने मोजतो. ड्रमरचं तेच. करामत दाखवायला जागा नाही, चुकायला तर मुळीच नाही.

आता उमेदवार. बी विंगमधल्या आमच्या इंजिनिअर मित्रांनी पहिलं नाव मांडलं ते अर्ल यंग यांचं. हे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे. १९७३ साली हॅरल्ड मेल्विन आणि ब्लू नोट्स यांचं ‘द लव्ह आय लॉस्ट’ नावाचं गाणं आलं. त्यावर यंग यांनी ही उघडझाप करणारी हाय-हॅट वाजवली, आणि डिस्कोचा ठेका तिथून रुळला असं मानतात. म्हणजे या खात्याचं पहिलं व्हाउचर त्यांच्या नावावर. दुसरं नाव आलं टोनी थॉम्पसन यांचं. ‘शीक’ या वाद्यवृंदाचे ड्रमर. ‘ल फ्रीक’ १९७८ चं, ‘गुड टाइम्स’ १९७९ चं. ठोका वजनदार आणि स्वच्छ.

मग सी विंगच्या वहिनी म्हणाल्या, "हे सगळे तिकडचे. आपल्याकडे कोणी नव्हतंच का?" वहिनी, होते. आणि कुठे होते सांगू? आपल्यापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत.

कावस लॉर्ड हे जुन्या काळचे मोठे तालवादक. त्यांचे दोन चिरंजीव, केर्सी आणि बर्जोर. बर्जोरना सगळे बुजी म्हणायचे. केर्सी ॲकॉर्डियनपासून सिंथेसायझरपर्यंत सगळं वाजवायचे, बुजी ड्रम्स आणि व्हायब्राफोन. एकाच पारशी घरातले हे तिघे, आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या कित्येक वर्षांच्या तालावर त्यांचा हात आहे. दुसरे लेस्ली गोडिन्हो. शंकर-जयकिशन यांची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी मिळाली तर ऐका, ड्रम्सवर तेच आहेत. तिसरे फ्रँको वाझ, पंचमदांचे ड्रमर. आणि पंचमदांच्याच ताफ्यात आपले मराठी मारुतीराव कीर आणि अमृतराव काटकर. मारुतीराव तबल्याचे आणि पंचमदांचे सहायकही. अमृतराव रेसो-रेसो वाजवायचे. रेसो-रेसो म्हणजे खाचा पाडलेलं वाद्य, त्यावर काडी घासली की ‘खर्र-खर्र’ येतं. आपल्याकडचा ताल एका ड्रमसेटचा कधीच नव्हता. ड्रम्सच्या शेजारी तबला, ढोलक, काँगो, रेसो-रेसो असा सगळा संसार बसलेला असायचा. आणि गंमत बघा, ज्यांना आपण डिस्को किंग म्हणतो ते बप्पी लाहिरी स्वतः लहानपणापासून तबला शिकलेले!

आता आमच्या शहाभाईंचा... माफ करा, नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं. तळमजल्यावरच्या आमच्या गुजराती शेजाऱ्यांचा मुद्दा. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत राहता आणि बाबलाला विसरता?" खरं आहे. बाबला म्हणजे कल्याणजी-आनंदजींचे धाकटे बंधू. मुळात तालवादक. भावांच्या वाद्यवृंदात ताल सांभाळायचे, मग पत्नी कांचन यांना बरोबर घेऊन स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला. १९८० च्या ‘कुर्बानी’तलं ‘लैला’ याच कांचन यांनी अमितकुमारबरोबर गायलं आहे. त्याच चित्रपटातलं ‘आप जैसा कोई’ बिद्दूंनी लंडनमध्ये केलं, म्हणून डिस्को म्हटलं की लोक लंडनकडे बघतात. पण ऐंशीच्या दशकात बाबलांनी गरब्याच्या चालींखाली डिस्कोचा ठेका घातला आणि ‘डिस्को दांडिया’च्या कॅसेट काढल्या. आपल्या उपनगरांत नवरात्राचं असं मैदान राहिलं नसेल जिथे ती कॅसेट वाजली नाही. इथे बसलेल्या कित्येकांची लग्नं त्याच मैदानात ठरली. नावं घेत नाही, मुलं समोर बसली आहेत.

शेवटचा उमेदवार मांडला तो चौथ्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराने. म्हणाला, "आजोबा, सगळ्यात मोठा ड्रमर माणूस नाहीच आहे. मशीन आहे." मला राग आला. पण त्याने पुरावा दिला. चरणजीत सिंग नावाचे मुंबईचे वादक, चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीचं तालयंत्र आणि सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर एकट्याने वाजवले. तबकडी निघाली, फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभरचे तरुण थक्क झाले. म्हणजे आपल्या मुंबईतला एक माणूस काळाच्या किती पुढे होता! मुलाचा मुद्दा मी मान्य केला. यंत्र दमत नाही, ठेका सोडत नाही, चहा मागत नाही.

पण इथेच मला एक गोष्ट सांगायची आहे. बी जीज यांचं ‘स्टेइन अलाइव्ह’ तुम्हाला ठाऊक आहे. १९७७ चं, ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’मधलं. मागच्या वर्षी आपल्या हॉलमध्ये सीपीआरचं प्रशिक्षण झालं तेव्हा छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० सांगितला होता. तो लक्षात राहावा म्हणून जगभर हेच गाणं शिकवतात, इतका त्याचा ठेका पक्का आहे. तो वाजवला कुणी? त्यांचे ड्रमर डेनिस ब्रायन यांना घरच्या कारणाने मधेच जावं लागलं. तेव्हा ध्वनिमुद्रकांनी त्यांनी आधी वाजवलेल्या ‘नाइट फीव्हर’ या गाण्यातला दोन आवर्तनांचा टेपचा तुकडा कापला, टोकाला टोक जोडून त्याची माळ केली आणि तीच गोल गोल फिरवली. बरं, तबकडीवर ड्रमर म्हणून नाव काय छापायचं? त्यांनी गमतीने ‘बर्नार्ड लुपे’ असं नाव दिलं. असा माणूसच नव्हता! पुढे या लुपेसाहेबांना काम द्यायला लोक शोधू लागले, असं सांगतात.

मंडळी, हे ऐकून सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप लागेना. तिकडे टेपच्या तुकड्यालासुद्धा नाव मिळालं. आणि आमच्याकडे? घरी जुन्या तबकड्या आहेत, त्या काढून बघितल्या. संगीतकार आहे, गीतकार आहे, गायक आहे. ड्रमर? कुठेच नाही. माझी उभी हयात बँकेत गेली. आमच्याकडे दहा रुपयांच्या व्हाउचरवरही दोन सह्या लागायच्या, लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. वीस वर्षांनी कुणी विचारलं तरी कुणाच्या हातची नोंद ते कळायचं. आणि ज्या ठेक्यावर सगळा देश नाचला, त्याच्या व्हाउचरवर वाजवणाऱ्याची सही नाही.

आता एक कबुली देतो. आपल्या संस्थेच्या दहाव्या वर्धापनदिनाला मी खजिनदार होतो. ऑर्केस्ट्राचं कोटेशन आलं. मी लाल पेन घेऊन बसलो आणि ‘ड्रमर’ या ओळीवर काट मारली. म्हटलं, कीबोर्डवाल्याच्या यंत्रात ठेका असतोच, दुप्पट खर्च कशाला? कार्यक्रमाच्या दिवशी एक वयस्क गृहस्थ भेटायला आले. साधे कपडे, काखेत काठ्यांची पिशवी. तेच ते ड्रमर. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. भांडले नाहीत. मागच्या खुर्चीवर बसून पूर्ण कार्यक्रम ऐकला. आठवत असेल तुम्हाला, ‘अश्विनी ये ना’ला कोरसवाली मुलं धावत सुटली, ठेका आपला यंत्राच्या गतीने चाललेला, आणि गाणं मधेच मोडलं. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "साहेब, यंत्र चुकत नाही. पण पोरं चुकली तर त्यांना सांभाळूनही घेत नाही." मी त्यांना चहा विचारला. नाव विचारलं नाही. पंधरा वर्षं झाली, ते मला अजून टोचतं.

मला यंत्राचा राग नाही. शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा पेढे वाटणारा मीच होतो. चरणजीत सिंगांच्या यंत्रामागेही चरणजीत सिंग होतेच. माझं म्हणणं इतकंच की ठेक्यामागे माणूस असतो, आणि त्याचं नाव लिहून ठेवायला हवं.

तेव्हा माझा निकाल. डिस्कोचा ठेका ज्यांनी घडवला त्या अर्ल यंग यांना जगातला पहिला नंबर. हा निर्णय मी बी विंगला देतो. आपल्या मुंबईत बुजी लॉर्ड, लेस्ली गोडिन्हो, फ्रँको वाझ यांच्यात डावं-उजवं करायची माझी पात्रता नाही. पण या उपनगरांपुरतं एकच नाव सांगायचं, तर माझं मत बाबलांना. कारण दोन. एक, तुमचे-माझे पाय त्यांनी हलवले. आणि दुसरं, मागच्या रांगेतला तालवादक त्यांच्या रूपाने पुढे आला आणि कॅसेटच्या वेष्टनावर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापलं गेलं. निर्णय मान्य नसेल तर उद्या संध्याकाळी बाकावर या. वाद चालू राहायला माझी हरकत नाही.

आज रात्रीच्या ऑर्केस्ट्रात ड्रमर आहे. त्या ओळीवर या वेळी कुणी काट मारलेली नाही, मी स्वतः खात्री केली आहे. समितीला माझी एक विनंती होती आणि त्यांनी ती मान्य केली. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर देणगीदारांच्या यादीखाली आजच्या सगळ्या वादकांची नावं छापली आहेत. त्याखाली आपले पंपवाले, रात्रपाळीचे दोन्ही वॉचमन आणि सफाई करणाऱ्या ताई यांचीही नावं आहेत. पंचवीस वर्षं या इमारतीचाही एक ठेका चाललेला आहे. पाणी सकाळी सहाला वर चढतं, गेट अकराला बंद होतं, जिना झाडलेला असतो. तो कुणी धरला हे पुढच्या पिढीला वाचता आलं पाहिजे.

माझी पंधरा मिनिटं संपली. आता गाणी सुरू होतील. नाचताना एकदा मागे वळून बघा, आणि कार्यक्रम संपला की पुढे जाऊन त्यांचं नाव विचारा. मी विचारणार आहे.