मोकळे कुत्रे, मोकळे मांजर आणि आपली शाळा
(पनवेल तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



घरी पाळलेले कुत्रे वा मांजर कोणाच्या देखरेखीवाचून गावभर हिंडू द्यावे काय, हा आजचा विषय. वरवर पाहता तो शाळेबाहेरचा वाटेल. परंतु आपल्या खेड्यांत हे कुत्रे मुलाच्या मागोमाग शाळेपर्यंत येते, पोषण आहाराच्या वेळी पडवीशी उभे राहते आणि सुटीत मुलांच्या घोळक्यात मिसळते. तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे.

'पाळणे' या शब्दाचा अर्थ आपण फार सैल केला आहे. सकाळ-संध्याकाळ भाकरीचा तुकडा घातला की कुत्रे आपले. त्याने कोणास चावा घेतला की मात्र ते गावाचे! कायद्यास ही पळवाट मान्य नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची व निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावर ठेवली आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसास इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कोणी म्हणेल, कुत्रे राखणीसाठीच असते, ते बांधले तर राखण कोण करील? हा आक्षेप रास्त आहे. परंतु राखण आपल्या अंगणाची असते, साऱ्या गावाची नव्हे. कुंपणाच्या आत कुत्रे मोकळे असावे. कुंपण नसेल तर सावलीत, पाण्याजवळ, लांब दोरीने बांधावे आणि दिवसातून दोनदा सोबतीने फिरवून आणावे. अष्टौप्रहर आखूड साखळीस जखडलेले कुत्रे चिडखोर बनते. तोही उपाय नव्हे. शिवाय मोकळे सोडणे कुत्र्याच्याही हिताचे नाही. आपल्या तालुक्यातून महामार्ग जातात, आणि बिबट्यासही कुत्रे हे सुलभ भक्ष्य असते. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला, त्यात पाळीव कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा आढळला.

मांजराची गोष्ट निराळी आहे. कौलारू घरात त्यास कोंडून ठेवणे अशक्यप्राय, आणि उंदरांसाठी तर आपण ते पाळतो. तथापि मांजराचे पोट भरले तरी शिकारीची ओढ सुटत नाही. 1968 साली स्थापन झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य आपल्या शेजारी आहे. त्याच्या लगतच्या वाड्यांनी पाखरांच्या विणीच्या दिवसांत तरी मांजर रात्री घरात ठेवावे. लस व निर्बीजीकरण मात्र मांजरासही हवेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची, लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु वेळीच लस दिल्यास तो टाळता येतो. लुई पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी ज्यास लस टोचली, तो जोसेफ मायस्टर नऊ वर्षांचा, म्हणजे आपल्या चौथीतील मुलाएवढा होता. आजही संशयित प्राण्याने चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के 15 वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि मूल बहुधा सांगत नाही. आपल्याच कुत्र्याचा दात लागला तर मार बसेल, किंवा आपले लाडके कुत्रे कोणी मारून टाकील, या भयाने ते ओरखडा लपविते. घरी कळले तरी 'आपलेच कुत्रे आहे' म्हणून हळद वा चुना भरून गप्प बसणारी घरे आहेत. पोटात चौदा सुया घेण्याची जुनी धास्तीही अद्याप गेलेली नाही. ती लस आपल्या देशात 2005 च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात देतात.

म्हणून आपणांकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. पहिली, दात वा नख लागताच जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तीत काही भरू नये आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे, हे प्रत्येक मुलास पाठ असू द्या. दुसरी, शाळेतील उरलेले अन्न उघड्यावर टाकू देऊ नका. तिसरी, वर्गात विचारा, 'तुमच्या घरच्या कुत्र्यास यंदा लस टोचली काय?' ज्यांचे उत्तर 'नाही' येईल, त्यांच्या पालकांस पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट दाखवा.

या सर्वांहून मोलाची गोष्ट एकच. चावा लागलेल्या मुलास आपल्या गुरुजींपाशी वा बाईंपाशी येऊन निर्भयपणे सांगता आले पाहिजे. त्यास रागे भरू नका. त्याने सांगितले आणि आपण ऐकले, एवढ्यानेच एक जीव वाचू शकतो.