हेल आणि हुद्दा



१८८८ साली बॅरिस्टरीसाठी लंडनला पोहोचलेल्या मोहनदास गांधी या तरुणाने सभ्य गृहस्थ होण्याच्या नादात तीन पौंडांचे व्हायोलिन विकत घेतले, नृत्याचा वर्ग धरला आणि इंग्रजी वक्तृत्वाच्या शिक्षकाला एक गिनी आगाऊ दिली. दोन-तीन धड्यांनंतर त्याच्या मनात आले की, जन्म काही इंग्लंडात काढायचा नाही. मग हा खटाटोप कशासाठी? शिकवणी सुटली. १९३१ साली लंडनमध्येच ध्वनिमुद्रित झालेले गांधीजींचे इंग्रजी भाषण आजही ऐकावयास मिळते. त्यातील उच्चारांचा घाट स्वच्छ भारतीय आहे, आणि त्यावाचून त्यांचे काही अडले असे इतिहास सांगत नाही.

परंतु गांधीजींपाशी शिकवणी सोडून देण्याची मुभा होती. पोटासाठी परक्या भाषेत बोलावे लागणाऱ्या लक्षावधी माणसांपाशी ती नसते, आणि प्रश्न खरा त्यांचा आहे.

परभाषेत बोलताना स्वतःचा हेल माणसाच्या ध्यानात बहुधा फार उशिरा येतो. कधी ध्वनिफितीवर स्वतःचाच आवाज ऐकल्यावर, कधी समोरच्याने तिसऱ्यांदा ‘काय म्हणालात?’ असे विचारल्यावर. याचा दोष जिभेला दिला जातो, पण आधी फसलेला असतो तो कान. इंग्रजीतील ‘टेबल’चा पहिला ध्वनी मराठीतील ट नव्हे आणि तही नव्हे. इंग्रज माणूस तेथे जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकवतो. मराठी माणसापाशी दातांना भिडणारा त आणि जीभ मागे वळवून काढलेला ट अशा दोनच जागा आहेत. मधला ध्वनी कानी पडला की कान त्याला ट च्या खणात टाकतो आणि तोंडातून पुढे ट च बाहेर येतो. इंग्रज माणूस शब्दारंभीचा प श्वास सोडून, फ कडे झुकवून उच्चारतो. मराठी माणसाचा कोरडा प त्याला ब सारखा वाटू शकतो. बोलणाऱ्याला मात्र यांतले काहीच खटकत नाही, कारण त्याच्या कानाच्या हिशेबी त्याने अगदी ऐकले तसेच म्हटलेले असते.

हे खण फार लवकर पक्के होतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत मोठा उद्बोधक आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक अर्भकांना हिंदीतील त आणि ट यांतला भेद ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना तो ओळखता आला. म्हणजे धड बोलता येण्यापूर्वीच कान आपल्या घराशी करार करून मोकळा होतो. जोसेफ कॉनरॅड हा पोलिश खलाशी विशीत इंग्रजी शिकला, त्या भाषेतला श्रेष्ठ कादंबरीकार झाला, आणि बोलताना मात्र त्याचा पोलिश हेल जन्मभर गेला नाही. बुद्धी, परिश्रम किंवा भाषाप्रभुत्व यांचे मोजमाप हेलावरून करणे किती पोकळ आहे, याला एवढा एक दाखला पुरेसा आहे.

‘पण समजत नाही, त्याचे काय?’ असा आक्षेप येतो. मरे मनरो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली नेमके हेच तपासून पाहिले. श्रोत्यांना परदेशी हेलातील वाक्ये ऐकवली आणि लिहून काढावयास सांगितली. कित्येकांनी वाक्य शब्दशः बरोबर लिहिले, आणि तरीही हेल फार जड असल्याचा शेरा मारला. समजणे वेगळे आणि खटकणे वेगळे. नोकरीच्या मुलाखतीत मात्र खटकण्यालाच ‘समजत नाही’ असे सभ्य नाव मिळते.

हवाईमधील मॅन्युएल फ्रागांते यांची हकिकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. होनोलुलूच्या मोटारवाहन कार्यालयातील कारकुनाच्या जागेसाठी १९८१ साली झालेल्या लेखी परीक्षेत शेकडो उमेदवारांत हे मूळचे फिलिपिनो गृहस्थ पहिले आले. मुलाखतीनंतर जागा दुसऱ्याला मिळाली. कारण त्यांचा फिलिपिनो हेल. ते न्यायालयात गेले आणि १९८९ साली अपील न्यायालयातही हरले. खिडकीवर बोलण्याचेच काम असल्याने हेल विचारात घेणे गैर नव्हे, असा निवाडा झाला. खिडकीपलीकडच्या नागरिकाने जरा लक्ष देऊन ऐकावे, ही अपेक्षा मात्र कोणी केली नाही. संभाषणाला दोन टोके असतात. श्रम एकाच टोकावर लादले जातात, आणि ते टोक नेहमी कमी बळाच्या माणसाचे असते.

या शतकाच्या आरंभी पुण्या-मुंबईत कॉल सेंटरे निघाली, तेव्हा तरुण मुलामुलींना रात्रपाळीबरोबर हेल पुसण्याचे वर्गही मिळाले आणि पुष्कळ ठिकाणी विलायती नावेसुद्धा. गिऱ्हाईक सातासमुद्रांपलीकडे, पगार येथल्या दराने आणि जीभ तिथली! गिरणीमालकाने कामगाराचे हात घेतले, घसा तरी त्याचा त्याच्याकडे ठेवला होता.

मराठी माणसाने इंग्रजांकडेच बोट दाखवून थांबू नये. उत्तरेकडून आलेला टॅक्सीवाला ‘वेळ’ऐवजी ‘वेल’ म्हणतो, जगातला ज आणि जगण्यातला ज एकाच ठशाचा उच्चारतो, आणि त्याच्या पाठीमागे हशा पिकतो. त्याच्या हिंदीत ळ नाही आणि ज एकच आहे. लंडनमध्ये मराठी माणसाचा प जसा अडखळतो, तसाच त्याचा ळ येथे अडखळतो. मराठी शिकण्याची त्याची धडपड हशात बुडते, आणि नंतर त्यालाच ‘हा मराठी बोलत नाही’ म्हणून ठपका मिळतो.

मेळघाटातील कोरकू मुलाची गोष्ट याहून कठीण. त्याची भाषा मुंडा कुळातली, मराठीशी तिचे नाते नाही. शाळेत पाऊल टाकताच मराठी ही त्याची दुसरी भाषा होते, पण पाठ्यपुस्तक ती पहिली असल्याचे गृहीत धरते. वर्ग हसला की त्याला स्वतःचा हेल प्रथम कळतो. मग ते मूल अवघड ध्वनीचे शब्द टाळू लागते, वाक्ये आखूड करते, उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. वार्षिक तपासणीत त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ असा शेरा पडतो. आणि त्या खोलीत दोन भाषा समजणारे कदाचित तेवढे एकटेच मूल असते.