चकचकीत कार्बोरेटर

एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. जुन्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत. त्यांच्यासाठी दुरुस्त केलेले जुने कार्बोरेटर विकले जातात. चकाकीवर जाऊ नका, ती रॉकेल आणि ब्रशनेही येते! स्लाइड बोटाने हलवून पाहा. खडखडली, तर तिथून फाजील हवा शिरणार, इंजिन तापणार. ही झीज नव्या गॅस्केटने भरत नाही. जेटचे पितळ मऊ. तारेने टोकरले की भोक मोठे होते आणि पेट्रोल जास्त जळते. तिथे हवेचा झोतच हवा. विकणाऱ्याला विचारा, काय बदललेत, काय नुसते धुतलेत? आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे रबर घातलेत का?