बिबट्याचा शेजार



मढच्या आसपास वाघबारस पाळतात. वाघोबाला नैवेद्य दाखवतात. म्हणजे हा शेजार आपल्याला नवा नाही. पण काळ बदलला. माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगा अशी धरणे झाली. ओतूर-नारायणगावकडे पाणी खेळले. ऊस वाढला. उसात दडायला जागा, जवळच पाणी, खायला कुत्री नि शेळ्या. बिबट्या तिथेच राहिला, तिथेच व्याला.

लोक म्हणतात, "धरा आणि लांब नेऊन सोडा." तेही करून झाले. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. हल्ले कमी झाले का? नाही, वाढले. विद्या अत्रेय या अभ्यासक बाईंनी हे दाखवून दिले.

भीती मात्र खोटी नाही. २०२५ साली शिरूर तालुक्यात पिंपरखेडला लहान मुलांचे जीव गेले. म्हणून आम्ही विनवतो, की गावागावातून चार-चार जणांनी पुढे यावे. बिबट्याला धरायला नव्हे. ते काम वनखात्याचे. आपण माणसे सांभाळायची.

ती कशी? गोठ्याला जाळी आणि वरून छप्पर आहे का, ते घरोघर पाहा. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकू देऊ नका. त्यांच्या वासाने कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधार पडला की पोरांना एकटे सोडू नका. रात्री पाणी द्यायला जाताना जोडीने जा, हातात बत्ती नि काठी घ्या, बोलत चला.

आता ऊसतोडीचे ऐका. फडात पिल्ले सापडली, तर हात लावायचा नाही. तोड थांबवा. वनखात्याला १९२६ या नंबरावर फोन करा. खात्याची माणसे पिल्ले तपासतात आणि रात्री त्याच जागी ठेवतात. आई येते, तोंडात धरून घेऊन जाते. पण भोवती गर्दी असली, तर ती येणार कशी? पिल्लांसाठी ती वस्तीभोवती फिरत राहील. मग धोका कुणाला? आपल्यालाच.

म्हणून त्या रात्री गर्दी हटवणे, हीच खरी सेवा. ती करायला बंदूक लागत नाही. चार शहाणी माणसे लागतात. तुमच्या गावातली ती चार माणसे कोण, हे आज घरी जाण्याआधीच ठरवू या.